नाना फडणिसांच्या आत्मचरित्रातील एक भेट

मराठी वाङ्मयात विरहाला तोटा नाही. उणीव आहे ती भेटीची. विराण्या, लावण्या, नाट्यपदे आणि अलीकडच्या कादंबऱ्या यांतून पतीची वाट पाहणारी स्त्री आपणांस पदोपदी दिसते. परंतु युद्धाने अगर परचक्राने ताटातूट झालेले जोडपे पुनः एकत्र आले, आणि त्या भेटीचे स्वरूप कसे होते, हे सांगणारे लेखन शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. ज्या महाराष्ट्राच्या इतिहासात पानिपतासारखा प्रसंग घडला, जेथे एका दिवसात सहस्रावधी संसार उधळले गेले, त्या महाराष्ट्राच्या वाङ्मयात असे असावे याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. जे थोडे हाती लागते, त्यात नाना फडणिसांच्या छोटेखानी आत्मचरित्राची गणना प्रथम करावी लागेल. इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासकांनी त्याचा पुष्कळ उपयोग केला आहे. युद्धाने विलग झालेल्या एका तरुण दांपत्याची कथा म्हणून मात्र ते क्वचितच वाचले गेले. या लेखात तेवढेच करावयाचे योजिले आहे.

पानिपत म्हटले की आपले मन एकदम यमुनेच्या काठी जाते, आणि बीड, गेवराई, माजलगाव या बाजूच्या वाचकांस ती कथा फार दूरची वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. आमच्या बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, आणि पानिपतच्या नाटकाचा नांदी-भरतवाक्यासह बराच भाग तिच्याच खोऱ्यात घडला. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरच्या लढाईत निजामाचा पाडाव करून सदाशिवरावभाऊ पटदुरास, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातील परतूर येथे, आले; आणि मार्च महिन्यात तेथूनच त्यांची उत्तरेच्या मोहिमेवर रवानगी झाली. पुढे डिसेंबरात पानिपतच्या खंदकाआड मराठ्यांची फौज उपाशी पडली असता, उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांनी पैठणच्या वाखरे सावकारांच्या कन्येशी दुसरा विवाह केला. ती तिथी २७ डिसेंबर १७६० ची होय. आणि पानिपतानंतर मराठ्यांची सत्ता खिळखिळी झाली असे समजून निजामाने १७६३ साली पुणे लुटले व जाळले, तेव्हा त्याचा हिशेब पुरा झाला तो १० ऑगस्ट १७६३ रोजी गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे. निजामअली नदीपार झालेला, गोदेला पूर, आणि अलीकडे राहिलेल्या त्याच्या दिवाणाचा, विठ्ठल सुंदराचा, त्या रणात अंत झाला. शनीच्या दर्शनास राक्षसभुवनी जाणाऱ्या भाविकांपैकी थोड्यांस या गोष्टीची आठवण असते. असो. सांगावयाचे एवढेच की पानिपतची विरहकथा आम्हांस परकी नाही. ती आमच्या नदीच्या काठची आहे.

आता मूळ ग्रंथाकडे वळू. बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणीस यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा. १४ जानेवारी १७६१ रोजी, म्हणजे शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीस, पानिपतचा संग्राम झाला तेव्हा त्यांस एकोणिसावे वर्ष पुरे व्हावयास एक महिना उणा होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचा विवाह बाळपणीच होऊन गेला होता. पण संसार म्हणावा असा नुकता कोठे सुरू झालेला. वडील १७५६ सालीच वारले होते. घरात मातोश्री रखमाबाई आणि पत्नी यशोदाबाई. भाऊसाहेबांची स्वारी उत्तरेस निघाली तेव्हा या दोघींसह नानाही निघाले. यात गैर असे कोणास वाटले नाही. मोठ्या फौजेच्या आश्रयाने गंगास्नान व तीर्थयात्रा पदरी पाडून घ्यावी हा त्या काळचा सरसहा शिरस्ता होता; रस्ते बेभरवशाचे, आणि लष्कराएवढी बळकट सोबत दुसरी नाही. मथुरा-वृंदावनाचे दर्शन घडलेही. ज्या लष्कराने यात्रा सुखरूप करून आणावयाची त्याच लष्कराचा पुढे फन्ना उडाला, आणि यात्रेकरूंना परमुलखात कोणी वाली उरला नाही.

हे आत्मचरित्र आकाराने लहान, आणि आरंभी वाचकाची थोडी निराशा करणारे आहे. सृष्टीची उत्पत्ती, ईश्वर, प्रकृती, जीवाचा गर्भवास अशा वेदान्ती विषयांनी ते सुरू होते. इंग्रजी चरित्रे वाचून तयार झालेल्या मनास ही प्रस्तावना अनावश्यक वाटते. पण तिच्यामुळेच पुढील लेखनाचा सूर ठरतो. हा मनुष्य स्वतःचा पराक्रम सांगावयास बसलेला नाही. देहाचे विकार, मनाची चंचलता, तारुण्यातील कामवासना, संकटातील भय, यांची तो ईश्वरापुढे कबुली देत आहे. जो पुढे मराठी राज्याचा सूत्रधार झाला, ज्याच्या मनाचा थांग शत्रूस लागत नसे, त्याने आपले दुर्बलत्व इतक्या उघडपणे लिहून ठेवावे ही गोष्ट साधी नव्हे. फ्रान्सात रूसोने आपली कबुलीजबाबांची पोथी लिहिली तीही याच शतकात. परंतु रूसोच्या लेखनात आपल्या दोषांचेही एक प्रदर्शन असते. नानांच्या लेखनात प्रेक्षकच नाही. म्हणून ते विश्वसनीय वाटते.

पानिपतच्या दिवसाचे वर्णन त्यांनी केले आहे, पण त्यातील प्रत्यय येतो तो रणाच्या वर्णनाने नव्हे. पळ काढल्यानंतरच्या प्रवासाने. विश्वासराव पडले, भाऊसाहेब दिसेनासे झाले, आणि हा अठरा वर्षांचा मुलगा सायंकाळी पानिपत गावात आला. अंगावरचे उंची कपडे हाच मृत्यूस आमंत्रण देणारा पुरावा, म्हणून ते टाकून लंगोटीवर तो पश्चिमेकडे पायी निघाला. वाटेत लुटारू, पाठीवर दुराणी स्वार. सोबतीच्या माणसांवर हत्यार चालले असता हा गवतात दडून राहिला. पायी चालण्याची सवय नाही, पोटात अन्न नाही. झाडाचा पाला खाऊन दिवस काढला. एका बैराग्याने दिलेल्या अन्नाची गोडी तो विसरला नाही. अशा रीतीने रेवाडी, आणि तेथून पुढे जाटांच्या मुलखात तो पोचला. सूरजमल जाटाने या पळत्या मराठ्यांस जो आसरा दिला त्याचे ऋण महाराष्ट्राने कधी विसरू नये. दिल्ली मार्च १७६१ पर्यंत अब्दालीच्या हाती होती, आणि पानिपतापासून दिल्लीपर्यंतचा सारा मुलूख या माणसांच्या दृष्टीने शत्रूच्या मुठीत होता.

हा मजकूर ज्या गद्यात लिहिला आहे त्याची तुलना बखरीच्या गद्याशी करून पाहण्यासारखी आहे. 'भाऊसाहेबांची बखर' हा मराठी गद्याचा अलंकार आहे यात संशय नाही. तिच्यात वीर बोलतात, आवेशाने बोलतात; रामायण-महाभारताचे दाखले देतात; दुःख आले की ते मोठ्या मैफलीत गायिलेल्या रागासारखे फुलविले जाते. नानांच्या लेखनात हे काही नाही. वाक्ये लहान, क्रियापदे साधी, एकामागून एक घटना. मनुष्य भयाने अर्धमेला होतो तेव्हा त्याला उपमा सुचत नाहीत. पाय दुखतात, भूक लागते, आणि पुढचे गाव केव्हा येईल एवढेच कळते. नानांनी तेवढेच लिहिले. यास कोणी कलाहीनता म्हणेल. आमच्या मते कलेने जे साधावयाचे ते येथे प्रामाणिकपणानेच साधलेले आहे.

या साऱ्या प्रवासात मातोश्री आणि पत्नी कोठे होत्या? रणाच्या धुमाळीत त्या वेगळ्या झाल्या, आणि त्यांची वार्ता दीर्घकाळ लागली नाही. अखेर बातमी आली ती दुहेरी होती. मातोश्री गेल्या, पत्नीस मात्र बारावकर नावाच्या एका मराठ्याने त्या आकांतातून सुखरूप काढून एका गोखल्यांच्या घरी आणून पोचविले होते. नाना तेथे गेले, भेट झाली, आणि पुढील मजल सुरू झाली. ग्वाल्हेरीस इतर उरलेली मंडळी भेटली. त्यांत भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईही होत्या. तेथून दक्षिणचा रस्ता.

भेटीस इतकीच जागा दिली आहे. अश्रू नाहीत, संवाद नाहीत, यशोदाबाईंनी त्या दिवसांत काय भोगले याचा उल्लेख नाही. वाचक थबकतो, मागे जातो, काही निसटले की काय म्हणून पुनः पाहतो. निसटलेले काही नाही. जे आहे ते एवढेच.

या संक्षेपाचे स्पष्टीकरण दोन प्रकारे करता येईल, आणि दोन्ही प्रकार सहज सुचण्यासारखे आहेत. पहिला असा की नानांचे पत्नीवर फारसे प्रेम नव्हते. मातेविषयी त्यांस जो जिव्हाळा आहे तो येथे दिसत नाही. दुसरा असा की त्या काळी कुलीन पुरुषाने पत्नीविषयी चारचौघांत बोलावयाचे नाही, मग लिहिण्याची गोष्ट दूरच. तेव्हा हा संक्षेप केवळ रीतीचा भाग. पहिल्या मतास आधार तोकडा आहे. दुसऱ्यात तथ्य आहे, पण ते पुरे पडत नाही. कारण रीतीचीच गोष्ट काढावयाची तर ज्याने आपल्या कामवासनेविषयी लिहिताना रीत पाळली नाही, त्याला येथेच ती आठवावी, हे चमत्कारिक दिसते. आम्हांस वाटते, या वाक्याकडे त्यात काय नाही या दृष्टीने पाहिले पाहिजे. अश्रू नाहीत हे सर्वांच्या ध्यानात येते. पण त्यात आणखी एक गोष्ट नाही, आणि ती नसणे ही या ग्रंथाची फार मोठी थोरवी आहे. त्या वाक्यात संशय नाही.

याचे महत्त्व कळण्यास आपल्या परंपरेकडे पाहावे लागेल. विरहाचे दोन मोठे साचे संस्कृत वाङ्मयाने आपणांस दिले. एक 'मेघदूता'चा. तेथे यक्ष आणि त्याची प्रिया एका वर्षासाठी विलग आहेत. शाप आहे पण शत्रू नाही, अवधी ठरलेला आहे, आणि प्रियेच्या सुरक्षिततेविषयी कवीला चिंता नाही. विरह तेथे सौंदर्याचा विषय होऊ शकतो याचे कारण हेच. दुसरा साचा रामायणाचा. तेथे पत्नी शत्रूच्या नगरीत आहे. युद्ध होते, शत्रू मरतो, भेट होते. आणि भेटीच्या क्षणीच पतीच्या मुखातून असे शब्द निघतात की ते ऐकून वाचकाचे काळीज चरकते. अग्नीची साक्ष घ्यावी लागते, आणि ती साक्षही लोकांस पुरत नाही. भवभूतीसारख्या महाकवीने 'उत्तररामचरिता'त या अन्यायाची जखम आपल्या परीने भरून काढण्याचा यत्न केला. ती जखम किती खोल होती हेच त्याच्या यत्नावरून दिसते. परचक्रातून परत आलेली स्त्री म्हटली की आपल्या मनात हाच साचा उभा राहतो. तिने आधी काही सिद्ध करावयाचे असते.

आता या पार्श्वभूमीवर ते वाक्य पुनः वाचावे. चित्पावन कुळ, पेशव्यांच्या दरबारातील फडणिसीचे घराणे, सोवळे-ओवळे कडक, आणि पत्नी पानिपतच्या रानातून, परक्या माणसांच्या सोबतीने, कित्येक दिवसांनी परत आलेली. प्रायश्चित्ताचा, चौकशीचा, कोणाच्या हवाल्याचा एक शब्दही नाना लिहीत नाहीत. ज्याने सुखरूप आणले त्याचे नाव लिहितात, म्हणजे उपकार स्मरतात. ती जिवंत आहे एवढे समजताच तिच्याकडे जातात. आत्मपरीक्षणाची त्यांस इतकी सवय की मनात विकल्प आला असता तर तोही त्यांनी नोंदविला असता असे मानावयास जागा आहे. जो मनुष्य आपल्या मनातील काम आणि भय लिहून ठेवतो तो संशय लपवील हे संभवत नाही. लंगोटीवर पळालेल्या, पाला खाल्लेल्या, अनोळखी बैराग्याच्या हातचे अन्न घेतलेल्या त्या तरुणास स्वतःच्या अनुभवाने एक गोष्ट कळली होती: अशा वेळी मनुष्य जगला हीच मोठी गोष्ट, आणि तो कसा जगला याचा जाब त्याला कोणी विचारू नये. रेवाडीच्या वाटेवर जे शिकले ते त्यांनी पत्नीच्या बाबतीत पाळले. आमच्या मते मराठी वाङ्मयातील ही एक थोर भेट आहे, आणि तिचे थोरपण तिच्या मौनात आहे.

येथे हे प्रतिपादन अतिशयोक्तीचे न व्हावे म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नाना काही आदर्श पती नव्हते. पुढे त्यांनी अनेक विवाह केले, आणि १३ मार्च १८०० रोजी ते वारले तेव्हा जिऊबाई ही अल्पवयीन पत्नी मागे राहून तिला पुढे पुष्कळ हाल सोसावे लागले. शिवाय ग्रंथ म्हणून या आत्मचरित्राचा दोष असा की यशोदाबाईंची कथा त्यात नाहीच. त्यांनी किती मजला काटल्या, कोठे दडल्या, सासूबाई त्यांच्या डोळ्यांदेखत अंतरल्या की कसे, याविषयी त्यांचा एक शब्द आपल्यापर्यंत पोचलेला नाही. पतीने जाब विचारला नाही हे त्याचे मोठेपण. पण कोणी कथाही विचारली नाही ही वाङ्मयाची हानी. मौनाच्या या दोन जाती वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. एका मौनाने स्त्रीचा मान राखला, दुसऱ्याने तिचा अनुभव पुसून टाकला. नानांच्या एकाच वाक्यात दोन्ही आहेत, आणि म्हणूनच ते सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाही.

यशोदाबाईंचा अनुभव पुसला गेला, तर पार्वतीबाईंचा मात्र महाराष्ट्राने हृदयाशी धरला. दोघी एकाच रणातून आल्या. एकीचा पती भेटला. दुसरीचा भेटला नाही, आणि तो मेला यावर तिने कधी विश्वास ठेवला नाही. १७८३ साली देह ठेवीपर्यंत पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही. त्यांच्यामागेच भाऊसाहेबांचीही उत्तरक्रिया झाली. बावीस वर्षांची ही प्रतीक्षा कोणाही कवीस मोह पाडील अशी आहे. तिच्यावर जे घोर संकट आले ते तर ग्रीक शोकनाट्यास शोभावे. सुखलाल नावाचा एक कनोजा ब्राह्मण आपणच भाऊसाहेब म्हणवीत पुढे आला. चौकशी झाली, साक्षी झाल्या, तो तोतया ठरून रत्नागिरीस कैदेत पडला. पुढे १७७६ त तेथील मामलेदारानेच त्यास बाहेर काढले, कोकणात मोठा फितूर माजला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस बंड मोडून तोतयास पुण्यात देहान्त शासन झाले. फ्रान्सात १५६० साली मार्टिन गेर नावाच्या शेतकऱ्याच्या तोतयाचा खटला तुलूझच्या न्यायासनापुढे चालला, तो आजही युरोपीय लेखकांस खुणावतो. आमच्या तोतयाची गोष्ट त्याहून गंभीर, कारण येथे एका स्त्रीच्या आशेवर राज्याचे स्थैर्य अवलंबून होते.

आणि या वेळी राज्याचा कारभार कोणाच्या हाती होता? नाना फडणिसांच्या. ज्यास आपली पत्नी परत मिळाली होती त्यासच दुसऱ्या स्त्रीच्या आशेविरुद्ध निकाल अमलात आणावा लागला. पंधरा वर्षांपूर्वी ग्वाल्हेरीस हे दोघे भेटले होते; एकाचा संसार सावरलेला, दुसरीचा बुडालेला. या दोन प्रसंगांना जोडणारा धागा कोणा नाटककाराने हाती घेतला असता तर मराठी रंगभूमीस एक अपूर्व कृती लाभली असती. नरसिंह चिंतामण केळकरांनी १९१३ साली 'तोतयाचे बंड' लिहिले. केळकरांची मार्मिक बुद्धी आणि इतिहासाचा अभ्यास यांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु नाटकाच्या नावावरूनच दिसते की त्यांची दृष्टी बंडावर, म्हणजे राजकारणावर आहे. तोतया खरा की खोटा, या प्रश्नाने रंगभूमी गाजते. पण पार्वतीबाईंच्या मनातला प्रश्न त्याहून कठीण होता. तो खोटा ठरला म्हणजे खरा कोठे आहे, या प्रश्नास कोणत्याही न्यायासनाजवळ उत्तर नव्हते.

पानिपतच्या विषयाने पुढेही लेखकांस सोडले नाही. विश्वास पाटील यांची 'पानिपत' ही कादंबरी १९८८ साली निघाली, आणि तिने भाऊसाहेबांकडे पाहण्याची सामान्य वाचकाची दृष्टीच पालटून टाकली. रणनीती, उपासमार, हिंदुस्थानच्या राजकारणातील डाव, यांचे विशाल चित्र तिच्यात आहे. मात्र रण संपले की महाकथा संपते, हा संकेत आपल्या ऐतिहासिक कादंबरीने बहुधा पाळलेला दिसतो. ज्यांची कथा रण संपल्यावर सुरू होते, ती माणसे मग ग्रंथाबाहेर राहतात.

अशांपैकी एकीचे स्मरण येथे केल्यावाचून राहवत नाही. पैठणच्या वाखऱ्यांची ती कन्या, राधाबाई. वय अवघे नऊ-दहा वर्षांचे. २७ डिसेंबरास विवाह. तीन आठवड्यांच्या आत पानिपत. आणि २३ जून १७६१ रोजी पुत्रशोक व बंधुशोक यांनी खचलेल्या नानासाहेबांचा पर्वतीवर अंत. सहा महिन्यांचेही सौभाग्य नाही, आणि पेशव्यांच्या घरातील वैधव्य जन्माचे. तिला पानिपत कोठे आहे हे तरी ठाऊक असेल काय? गोदावरीच्या पलीकडील काठावर लागलेले ते लग्न त्या युद्धातील सर्वांत केविलवाणा बळी म्हटला पाहिजे. पण त्या विवाहाची चर्चा होते ती पेशव्यांस दोष देण्यासाठी. बखरकार, इतिहासकार, कादंबरीकार, सर्वांनी विचारले की पेशव्यांस या वेळी लग्न सुचले कसे. त्या मुलीविषयी विचारणारा विरळा.

आपल्या समाजास वाट पाहणारी स्त्री प्रिय आहे, परत आलेली स्त्री अवघड वाटते. वाट पाहणारीस देव्हाऱ्यात बसविता येते. तिच्याकडून कोणास काही ऐकून घ्यावे लागत नाही. परत आलेली मात्र काही पाहून आलेली असते. तिला घरात घ्यावयाचे म्हणजे तिचे पाहिलेले घरात घ्यावयाचे. म्हणून पार्वतीबाईंवर नाट्य रचले गेले आणि यशोदाबाई एका वाक्यात राहिल्या. पेनेलोपीची कीर्ती युरोपातही अशीच दिगंत आहे, हे खरे; परंतु दुसऱ्याचा दोष आपल्यास गुण होत नाही.

हा प्रश्न केवळ अठराव्या शतकाचा असता तर त्याची चर्चा विद्वानांवर सोपविता आली असती. १९४७ च्या फाळणीत पंजाबातील सहस्रावधी स्त्रिया पळविल्या गेल्या, आणि त्यांस परत आणण्यासाठी १९४९ साली आपल्या सरकारास स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या परत आल्या तेव्हा कित्येकींच्या घरांची दारे बंद होती. पतींनी, पित्यांनी, सासऱ्यांनी जो जाब विचारला तो पाहून लाजेने मान खाली घालावी लागते. आणि आमच्या मराठवाड्यासही हे दुःख अपरिचित नाही. रझाकारांच्या भयाने निजामी हद्दीतली कित्येक कुटुंबे १९४७-४८ त सीमेपलीकडील छावण्यांत गेली. पुरुष एकीकडे, बायकापोरे दुसरीकडे. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर सुडाची लाट उलटली, आणि याच भागातील निरपराध मुसलमान घरांवर तीच पाळी आली. संसार मोडावयाचा तर शत्रू कोण आणि मित्र कोण हे काळ ठरवितो. मोडणारा संसार सर्वत्र सारखाच असतो. स्वातंत्र्यसंग्रामाचे वृत्तान्त आमच्याकडे पुष्कळ लिहिले गेले व ते लिहिले जाणे योग्यच होते. पण छावणीतून परत आलेल्या नवपरिणीत मुलीने चुलीपुढे बसून आपल्या पतीस काय सांगितले, अगर काय सांगितले नाही, हे लिहून ठेवणारी लेखणी दुर्मिळ झाली. ती पिढी आता बहुतेक मावळली. ज्या घरांत अद्याप कोणी नव्वदी ओलांडलेली आजी आहे, त्या घरांतील सुशिक्षित मंडळींनी तरी हे काम उद्यावर टाकू नये.

टीकाकाराचे काम ग्रंथाचे मोल सांगण्याचे. नाना फडणिसांच्या आत्मचरित्राचे मोल आम्ही असे लावतो. मराठीतील आत्मपर गद्याचा तो एक थोर नमुना आहे. त्याची प्रस्तावना जड, पानिपतच्या पळाचे वर्णन अद्वितीय, आणि शेवट तुटक आहे. त्यातील पुनर्भेटीचे वाक्य कलावंताने रचलेले नाही, एका घाबरलेल्या व वाचलेल्या मनुष्याने लिहिलेले आहे. तरीही परचक्रातून परतलेल्या स्त्रीस कसे सामोरे जावे याचा इतका निर्मळ दाखला आपल्या जुन्या वाङ्मयात आम्हांस दुसरा आढळलेला नाही. प्रश्न न विचारता तिला घरी नेणे, ही सभ्यतेची पहिली पायरी नानांनी अडीचशे वर्षांपूर्वी ओलांडली. तिला बोलावेसे वाटले तर बसून ऐकणे ही दुसरी पायरी होय, आणि ती त्यांनी आपल्यासाठी ठेविली आहे. विद्यार्थ्यांनी हे लहानसे पुस्तक परीक्षेपुरते न वाचता घरी मोठ्याने वाचावे, आणि त्या वाक्यापाशी आल्यावर क्षणभर थांबावे, एवढीच आमची सूचना आहे.